देवाच्या जांभळावरचं यीस्ट

"मॅडम, ही नवी जात आहे. डेटाबेसमध्ये कुठंच मॅच नाही." स्वप्नालीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. तिच्या पीएचडीचं अख्खं एक प्रकरण या यीस्टवर उभं होतं आणि सबमिशन तोंडावर आलं होतं.

गाइड म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. यीस्ट म्हणजे पाव फुगवणारी सूक्ष्म बुरशी. तिचे कितीतरी भाऊबंद झाडांच्या पानांवर राहतात. पण हे यीस्ट वेल्ह्याकडच्या एका वस्तीतल्या एकाच जांभळाच्या झाडावर मिळालं होतं. तिने तपासलेल्या आंबवडे गावच्या जांभळावर नाही, सारोळ्याच्याही नाही. मला वाटलं, पोरीने सॅम्पल घेताना निष्काळजीपणा केला असणार.

"पुन्हा सॅम्पल घेऊ. मी येते," मी म्हणाले. तिचा चेहरा पडला.

वस्तीवर जांभळाशेजारीच राहणाऱ्या हिराबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. मला स्वप्नालीचा संशय, त्यांना आम्हा दोघींचा.

"पानं न्हिऊन काय करता? औषध काढून इकायचं आसंल."

"नाही हो मावशी, पानावरचे जंतू बघतो."

"जंतू? द्येवाच्या झाडाला?"

मी पानं खुडायला लागले. खालच्या पानांवर पांढरे, सुकलेले ओघळ दिसत होते. "हे कशाचे?"

"ताकाचं. म्हस व्याली की पयलं ताक द्येवाला. झाडावर शिपडायचं. आमच्यात रीतच हाय."

स्वप्नाली माझ्याकडे बघेना. मी वाटीभर ताक मागितलं. हिराबाईंनी दिलं, पण मी बाटलीवर काय लिहिते ते वाकून वाकून पाहिलं.

लॅबमध्ये ते ताक प्लेटवर, म्हणजे यीस्टला खाऊ घालून वाढवायच्या बशीत, पसरलं. तिसऱ्या दिवशी तेच यीस्ट हजर. डीएनए अक्षरन् अक्षर तोच. ओढ्यापलीकडच्या, ताक न शिंपडलेल्या जांभळावर इतर यीस्ट मिळाली, हे नाही.

जात नवीच होती, पण तिचं घर हिराबाईंचं ताकाचं गाडगं होतं. पानांवरच्या यीस्टच्या थिसिसमध्ये तिला जागा नव्हती. प्रकरण काढावं लागलं. सबमिशन हुकलं.

"आजूबाजूला चौकशी करायला हवी होतीस," मी म्हणाले.

"मॅडम, देवाचं झाड निवड, त्यावर कुणी फवारत नाही, कुणी हात लावत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

खरं होतं. मला फार लाज वाटली. मुदतवाढीच्या अर्जात कारणाच्या जागी मी माझ्या हाताने लिहिलं: मार्गदर्शकाची चूक. आता आमच्या सॅम्पलच्या फॉर्मवर एक रकाना जास्त आहे. झाडाशेजारी कोण राहतं, आणि त्यांना विचारलं का?