गाठ कुणाच्या हद्दीत

आमच्या आप्पांचं अर्धं आयुष्य बेळगावजवळचं आमचं येळ्ळूर गाव महाराष्ट्र की कर्नाटक, कुठल्या राज्यात असावं या प्रश्नात गेलं. मग त्यांच्या पोटातली गाठ कुठल्या अवयवात मोडते, हा दुसरा प्रश्न उपटला. दोन्ही वेळी मला कुणी विचारलं नाही, भोगायला मात्र मी होते.

आप्पा अनगोळच्या मराठी शाळेत मास्तर. कानडीतला कागद घरी आला की "आम्हांस्नी वाचता येत न्हाय" म्हणून परत करायचे. बाजारात मात्र वांग्याचा भाव त्याच भाषेत असा पाडायचे, की भाजीवाली हात जोडायची. मी तेव्हा बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी.

ऐंशी सालच्या आसपास आप्पांना कावीळ झाली. झाडपाल्याचा रस झाला, उसाचा झाला, डोळे पिवळेच. शेवटी बेळगावात मोठं ऑपरेशन करून गाठ काढली. सर्जननी समजावलं, पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जिथं उघडते, नेमकी तिथं गाठ होती. ती स्वादुपिंडाची असेल तर दिवस थोडे, आतड्याच्या जातीची असेल तर बरीच वर्षं मिळू शकतात. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

"म्हंजे सीमाभागच की!" नाकात नळी असताना आप्पा म्हणाले.

आठवड्यानं गाठ तपासणारे डॉक्टर स्वतः खाटेपाशी आले. "मास्तर, आतड्याच्या जातीची हाय. नशीबवान हाय तुम्ही." आईनं तिथंच पाच नारळ बोलले. डॉक्टर दाराबाहेर गेले आणि आप्पांनी विचारलं, "ह्यो कुठला?"

"धारवाडकडचा म्हणत्यात," आई म्हणाली.

"मग महाराष्ट्रात दाखवून घ्या."

गाठीचे पातळ काप लावलेल्या दोन काचा कापसात गुंडाळून, खडूच्या डब्यात ठेवून, मीच कोल्हापूरला नेल्या. निपाणीत एस. टी.त तंबाखूचा वास घुसला, तशी मी शिंक दाबून डबा पोटाशी धरला. आपण काय सांभाळतोय याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

कोल्हापूरचं उत्तर आलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर.

घरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेली मी एकटीच. म्हटलं, "आप्पा, बेळगावच्या डॉक्टरनी अख्खी गाठ हातात घेऊन बघितलीय. कोल्हापुरात नुसत्या दोन काचा गेल्या."

"बेडकं कापून कोण डॉक्टर हुईत न्हाय. आपल्या राज्यानं सांगितलंय ते खरं." आणि मरणाचा कागद त्यांनी उशीखाली ठेवला. जगण्याचा कागद ट्रंकेत गेला.

मरणाऱ्या बापाचं पहिलं कर्तव्य म्हणजे लेकीचं लग्न. दोन महिन्यांत मला निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतला कारकून नवरा मिळाला. माणूस सज्जन, तक्रार नाही. अक्षता पडल्या त्यानंतर पंधरा दिवसांनी माझी परीक्षा होती. त्या दिवशी मी सासरी चपात्या लाटत होते आणि मला भयंकर राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

इकडे आप्पा मरणाची वाट बघत बसले. पहिल्या वर्षी नवं धोतर घेऊ दिलं नाही, फुकट जाईल म्हणून. दुसऱ्या वर्षी घेतलं. तिसऱ्या वर्षी तेच नेसून सीमाप्रश्नाच्या मोर्चात पुढं होते. दर संक्रांतीला धारवाडकडच्या डॉक्टरना तिळगूळ द्यायला जायचे आणि वर ऐकवायचे, "तुमचा रिपोर्ट आम्ही मानत न्हाय बरं का." डॉक्टर हसून म्हणायचे, "मानू नका. पुढच्या वर्षी या म्हणजे झालं."

असं करत आप्पा सात वर्षं जगले. सातव्या वर्षी माझ्याकडं निपाणीला राहायला आले. माझी पोरगी नुकतीच शाळेत जायला लागली होती. तिला पाढे म्हणवून घेता घेता मला म्हणाले, "हिला लई शिकीव. मधी काय बी येऊ दे, शाळा सोडू नगंस."

मी चहा ढवळत होते. म्हटलं, "आणि कोल्हापूरचा रिपोर्ट आला तर?"

आप्पांनी पोरीला खेळायला बाहेर पिटाळलं. मग म्हणाले, "बेळगावच्या डॉक्टरचंच खरं असंल, असं तवाच वाटलं हुतं गं मला. पर चारचौघांत ते कसं म्हणायचं?"

म्हणजे त्यांना वाटलं होतं. चारचौघांत त्यांची मान ताठ राहावी म्हणून माझी कॉलेजची दोन वर्षं पाण्यात गेली होती.

मला रडू आलं नाही. आप्पांना चहात चार चमचे साखर लागायची. मी एकही घातला नाही, कप तसाच पुढं केला. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि सगळा चहा संपवला.