छपरावरची सहा अक्षरं

आमचं गाव समुद्रावरून आधी वाचता यायचं, मग दिसायचं. असं महादू म्हणायचा.

ते खरं होतं. किनाऱ्यावर माडांची दाटी, तिच्यामागे लाल कातळाचं पठार, सडा. इथून गोव्यापर्यंत सगळा किनारा असाच. पण आमच्या बाजारातल्या जुन्या माडीच्या कौलांवर, लाकडी सांगाड्यात, पत्र्याची सहा अक्षरं उभी होती. समुद्राकडे तोंड करून. ‘जेवण तयार.’

मुंबईची बोट आमच्या बंदरात थांबत असे त्या काळातली ती माडी. चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे सागवानी गॅलरी, खाली वखार, वर खानावळ. उतारूंना भूक लागलेली असणार हे ओळखून जुन्या मालकानं अक्षरं चढवली होती. पुढे बोट थांबेनाशी झाली. खानावळ मिटली. अक्षरं राहिली. बाहेरगावचा एखादा माणूस अजून ती वाचून जिना चढायचा. महादू त्याला परत पाठवत नसे. आपल्या पेजेतली अर्धी पेज त्याच्यापुढे ठेवायचा.

महादू माळ्यावर राहायचा. तरुणपणी तो मचव्यावर खलाशी होता. एकदा मचवा धुक्यात भरकटला. पाणी संपलं. किनारा कुठला ते कुणाला कळेना. मग धुक्याच्या वरच्या अंगाला, काहीच नसलेल्या जागी, अक्षरं दिसली. बाकीचे खलाशी जेवून मचव्यावर परतले.

“मी जेवलंय, आणि मगे माका उठूकच जमला नाय,” तो सांगायचा.

मालकानं त्याला ठेवून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरला की तो कौलांवर चढून अक्षरांना निळा रंग द्यायचा. खानावळ बंद झाली तरी रंग चुकला नाही.

मच्छीमारांची एक रीत होती. परतताना अक्षरं वाचता येऊ लागली की होडीतला पाण्याचा तांब्या बाहेर काढायचा आणि उरलेलं पाणी पिऊन टाकायचं. त्याआधी तहान लागली तरी जपून. अक्षरं दिसली की मग पाणी जपायचं कारण नाही. घर आलं.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती. संध्याकाळी माळ्यावर जाऊन बसायचो.

“काय रे बीए, आज काय वाचलंस?”

“कविता, काका.”

“अक्षरां केवढी?”

“बारीक.”

“मगे ती दर्यातसून कशी वाचूची?”

संध्याकाळच्या उन्हात अक्षरांच्या सावल्या कौलांवरून सरकत बाजारात उतरायच्या. ‘ण’ मासळीवाल्या रुक्मिणीच्या टोपलीवर पडायचा. ती टोपली सरकवायची नाही. सावली सरकेपर्यंत थांबायची.

महादू एरवी कमी बोलायचा. पण गाऱ्हाणं घालायला गाव त्यालाच बोलवायचं. विहीर खणायची असो, दुकान उघडायचं असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो. नारळ ठेवायचा, विडा ठेवायचा, आणि महादू देवाला मोठ्यानं सांगायला लागायचा. प्रत्येक वाक्याशेवटी जमलेल्यांनी म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ एकदा तसं म्हटलं की ते सगळ्यांचं बोलणं झालं. मागे घेता येत नाही.

जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नवी कार्यालयं येत होती, नवे नियम येत होते. त्यात माडीची मालकीण नीरजाताई मुंबईहून आल्या. जुन्या मालकाची नात. गिरगावातल्या शाळेत शिकवायच्या. माडीच्या छपराला वाळवी लागली होती, आतल्या तुळया खचल्या होत्या. पुढली चिऱ्याची भिंत आणि गॅलरी ठेवायची, आतलं सगळं नवं करायचं, वर स्लॅब टाकायचा, खाली गाळे, वर पाहुण्यांच्या खोल्या, असं त्यांनी ठरवलं. वाईट ठरवलं नव्हतं. महादूलाही जिन्याशेजारची खोली द्यायची होती.

“आणि अक्षरां?” महादूनं विचारलं.

“ती नाही ठेवता येणार, काका. नगरपालिकेचा नियम आहे. छपराच्या वर कसलीच पाटी नको.”

नियमालाही कारण होतं. आदल्या वर्षी वाऱ्यात एका दुकानाच्या छपरावरचा बोर्ड उडून मासळी बाजारात पडला होता. माणसं वाचली. बांगड्यांची एक टोपली गेली. ती टोपली रुक्मिणीची होती, त्यामुळे नियमाची बातमी गावभर तिनंच सांगितली.

महादूनं खोलीचं काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी माळ्यावरून कौलांवर चढून त्यानं ‘या’च्या कान्यावरून हात फिरवला. घरातल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

काम सुरू करायच्या दिवशी उंबऱ्याशी नारळ ठेवला. नीरजाताई होत्या, कसालचा कंत्राटदार बाबू होता, त्याचे गवंडी होते, अर्धा बाजार होता. नगरपालिकेचे मुख्याधिकारीही चहाला म्हणून आले होते. ते घाटावरचे. नवे होते. गाऱ्हाणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

महादू पुढे झाला. डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या जाग्यार जुनी माडी उतरवन नवी उभी करूक घेतली आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“जो कोण वर चढतलो, तेचो पाय घसरूक देव नको, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

साहेबांनाही लय सापडली. तिसऱ्या वेळेपासून ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणू लागले.

“ह्या माहेरवाशिणीन आजाची वास्तू हातात घेतल्यान हा, तिका येस दी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ही अक्षरां जशी आज माथ्यार उभी आसत, तशीच नव्या माडयेच्या माथ्यार उभी रवांदेत, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीही म्हटलं. सगळ्यांनी म्हटलं. मग एकदम सगळं थांबलं.

“रे महादू, ह्या काय घातलंस मधी?” बाबू म्हणाला.

“मी घातलंय. पण व्हय कोणी म्हटला?”

गवंड्यांनी पहारी भिंतीला टेकून ठेवल्या. देवासमोर हो म्हटलेलं मोडून पहिलं कौल कोण काढणार? ते पडवीत जाऊन बसले आणि त्यांनी विड्या पेटवल्या.

“अहो, पण मी नियम बदलू शकत नाही,” साहेब म्हणाले. “मी आपलं सगळे म्हणत होते म्हणून म्हटलं.”

“सायबांनू, ह्या आता देवाक सांगा,” बाबू म्हणाला.

“सगळ्यांत मोठ्यान तुमीच आरडलात,” रुक्मिणी म्हणाली.

काम थांबलं. नीरजाताईंची सुट्टी संपत आली. गाऱ्हाणं सोडवता येतं, पण ज्या तोंडानं घातलं त्याच तोंडानं. त्या माळ्यावर आल्या. मी तिथेच होतो.

“काका, तुम्ही मुद्दाम केलंत?”

“बाय, ता तोंडात इला.”

त्या समुद्राकडे वळल्या. मग म्हणाल्या, “लहानपणी मी बोटीवरून उतरायचे तेव्हा आजोबा म्हणायचे, वाच बघू. मी वाचायला इथंच शिकले, काका.” आणि जिना उतरून गेल्या. सोडवा असं त्या म्हणाल्या नाहीत.



“बीए,” महादू म्हणाला, “गाऱ्हाण्यात घालणाऱ्यान आपला मागूचा नसता. लोकांचा मागूचा. मी आपला मागलंय.”

“पण अक्षरं होडीवाल्यांचीही आहेत ना, काका? ते ती बघूनच घरी येतात.”

“तेंका इचारलंय मी?”

सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. परशुराम तांडेल जाळं झटकत होता. त्याच्या होडीइतकी जुनी होडी गावात दुसरी नव्हती.

“परशुराम, छपरावयली अक्षरां गेली तर?”

“गेली तर गेली. आमी देवळाचो कळस बघून येतंव.”

महादूचा चेहरा मी पाहिला. मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. इतकी वर्षं तो वर चढत होता.

परशुराम जाळं झटकतच होता. मग थांबला.

“पण रे,” तो म्हणाला, “पाणी खंय पिवचा मगे?”

“कळस दिसलो की पी.”

“कळस बारा मैलांवरसून दिसता. थयसून पाणी पिवन संपवलंय तर मेलंय मां? अक्षरां वाचूक येतत तेव्वाच खरा. उभी रवांदेत नायतर निजांदेत, आमका वाचूक होयी.”

महादू हसला नाही. पण परत येताना तो भरभर चालत होता. मी मागे पडलो, मग धावत त्याला गाठलं. तो थेट नगरपालिकेत गेला, साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि त्यानं कचेरीतली मराठी काढली.

“साहेब, नव्या गच्चीला कठडा येणार. समुद्राच्या बाजूनं. त्या कठड्याच्या भिंतीवर लिहिलं तर नियम मोडतो काय?”

साहेबांनी नियम काढून वाचला. परत वाचला.

“भिंतीवर मोडत नाही. कठड्याच्या वर काही जाता कामा नये.”

“जाणार नाही.”

“पण मग देवाला काय सांगायचं?” साहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

“तो माझो विषय,” महादू म्हणाला.

रवळनाथाच्या देवळात सगळे पुन्हा जमले. महादूनं डोळे मिटले. त्याला शब्द लगेच सापडले नाहीत. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

“बा देवा म्हाराजा. त्या दिसा मी आपला मागणा लोकांच्या तोंडात घातलंय. ता माझ्या माथ्यार घे, लोकांक मोकळी कर, म्हाराजा.”

कुणीच काही म्हटलं नाही. सगळे थांबून वाक्य नीट तपासत होते. रुक्मिणीनं बाबूकडे बघितलं, बाबूनं साहेबांकडे. मग साहेब हळूच म्हणाले, “व्हय म्हाराजा.” मागून गाव म्हणालं.

“अक्षरां उभी नकोत. पण दर्यातल्या माणसाक ती वाचूक येवंदेत, म्हाराजा.”

पुन्हा थांबले. पुन्हा तपासलं. “व्हय म्हाराजा!”

आमच्या गावाला ती सवयच लागली. अजून गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्यानंतर एक पोकळी येते. पाहुण्यांना वाटतं, माणसं विसरली.

पत्र्याची अक्षरं उतरवली तेव्हा महादू खाली उभा राहून एकेक हातात घेत होता. खाली आल्यावर ती फार मोठी दिसली. ‘जे’ तर त्याच्यापेक्षा उंच. छपराच्या जागी आभाळ उघडं पडलं, आणि बरेच दिवस लोक बाजारात चालता चालता वर बघायचे.

माडी पुरी व्हायला दोन पावसाळे गेले. समुद्राकडचा कठडा नीरजाताईंनी अक्षरांएवढा उंच बांधून घेतला होता. त्याच्या पांढऱ्या भिंतीवर महादूनं स्वतः अक्षरं लिहिली. रंग तोच निळा. जुन्या पत्र्याची अक्षरं भिंतीला लावून, त्यांच्या कडेनं रेघ मारून.

“चल बीए,” तो म्हणाला, “वाचून येऊया.”

परशुरामानं होडी लांब नेली. परत फिरवली. ऊन पिवळं झालं होतं. पाणी इतकं शांत की वल्ह्याचे थेंब पडलेले मोजता यावेत. महादूनं तांब्या मांडीवर धरला होता. किनारा म्हणजे माडांची एक काळी रेघ. कळस दिसत होता. पूर्वी अक्षरं लागायची ती जागा आली. परशुरामानं वल्हं थांबवलं.

काही नव्हतं. नुसते माड.

महादूनं ओठांवरून जीभ फिरवली आणि तांब्या तसाच धरून ठेवला.

“मार वल्हा,” तो म्हणाला.

होडी पुढे आली. अजून पुढे. माडांच्या दोन झावळ्यांमध्ये एक पांढरा तुकडा उघडला. त्यात निळं काहीतरी. मी डोळे ताणले. मला वाटलं दिसतंय, मग वाटलं मी नुसतं आठवतोय.

“वाच,” महादू म्हणाला. “मी नको. माका पाठ आसा.”

झावळ्या हलल्या.

“तयार,” मी वाचलं. होडी हातभर सरकली. “जेवण तयार.”

त्यानं तांब्या तोंडाला लावला. अर्धा प्यायला आणि माझ्या हातात दिला. पाणी कोमट होतं. किनारा एवढा जवळ आला होता की बाजारातली माणसं ओळखू येत होती.

आता आमच्या होड्या पाणी थोडं अधिक वेळ जपून ठेवतात.