भटूनानांची गाडी नशिराबादला निघाली

माझे काका भटूनाना यांनी साक्री-धुळे रस्त्यावर अँबेसेडर टॅक्सी चालवून संसार केला. आयुष्यात त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा. त्यांची गाडी कधी दुसऱ्याच्या मागे बांधून घरी आली नाही. रस्त्यात कुणाची गाडी ओढून नेताना दिसली, की नाना मान फिरवायचे, जणू कुणाचं धोतर सुटलेलं पाहिलं. पुढे काळीपिवळ्या जीपा आल्या, नानांचे गुडघे गेले, धंदा बंद झाला, पण गाडी दारातच राहिली. रोज सकाळी तिला ओलं फडकं, उदबत्ती. आणि पाना लावायचा तो फक्त नशिराबादच्या लोटन मिस्त्रीने. बाकी कुणी बॉनेटला हात लावला तर नाना अंगावर जायचे. असला हेकट माणूस आमच्या अख्ख्या भाऊबंदकीत नाही, आणि आमची भाऊबंदकी काही साधी नाही.

गाडी ठेवायचं खरं कारण मात्र कमलकाकी. काकीला गाडी लागते. एसटी असो की एसीची मोटार, कुसुंबा यायच्या आत तिचे डोळे पांढरे होतात. फक्त या अँबेसेडरमध्ये, पुढच्या सलग सीटवर, काच खाली करून बसली की ती खुशाल सुपारी कातरते. तिची एकुलती लेक रूपा नशिराबादला दिलेली. रूपाने तिथे नवं घर बांधलं, तेव्हाच नेमकं गाडीचं इंजिन बसलं. वास्तुशांतीला काकी हिंमत करून एसटीने निघाली आणि धुळ्याच्या स्टँडवर अशी आडवी झाली, की आम्हाला परत फिरावं लागलं. त्या दिवसापासून काकी लेकीच्या घराचे फोटो मोबाईलवर बघायची आणि मोबाईल पालथा ठेवून द्यायची.

मग एक दिवस लोटनचा फोन आला. भंगारातून एक चांगलं इंजिन त्याच्या हाती लागलं होतं. गाडी आणा, बसवून देतो, म्हणाला. एक गोष्ट मात्र त्याने बजावली. गिअरबॉक्स सांभाळा, तो आता कुठेच मिळत नाही.

मी म्हटलं, गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावू. नाना भडकले.

"तिरडीवर लई जावाले ती काय मरेल शे? तिना पायवर जाई ती!"

शेवटी काकीकडे बघून नानांनी अभिमान गिळला, आणि माझ्या पिकअपला लोखंडी बार लावून ओढायची ठरली. स्टेअरिंगवर नाना, शेजारी काकी. गाडी दुरुस्तीला जाते आहे तर लेकीचं घरही होऊन जाईल, हा काकीचा हिशोब.

निघायच्या दिवशी सकाळी गल्लीतला वना मिस्त्री बार कसायला आला. तो सहज बोलून गेला, "नाना, मांगला शाफ्ट सोडी देऊ का? लांबना पल्ला शे."

नाना उखडले. "सारी जिंदगी मी न्यूट्रलवर उतार उतरनू. तू माले शिकाडस का?"

आमच्याकडचे जुने ड्रायव्हर तेल वाचवायला प्रत्येक उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडत आले. त्यात कधी काही बिघडलं नाही, तेव्हा नशिराबादपर्यंत काय बिघडणार, हा नानांचा पक्का सिद्धांत. वना पुन्हा बार कसायला लागला. नाना मारुतीला नारळ फोडायला गेले, मी डिझेल भरायला गेलो, आणि आल्यावर आम्ही निघालो.

रस्ताभर नानांनी माझं डोकं फिरवलं. गाडी मी ओढतोय, पण हॉर्न ते मारणार. वळण आलं की खिडकीतून हात ते दाखवणार. गतिरोधक दिसला की माझ्याआधी ब्रेक ते दाबणार, आणि माझी मान हिसका खाणार. धुळं गेलं, पारोळा गेला. एरंडोलच्या अलीकडे एका निंबाखाली आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला थांबलो. काकीला मळमळ नाही, काही नाही. उलट तिनेच मला मिरची वाढली.

तिथून मी लोटनला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"मांगला शाफ्ट सोडेल शे ना?" त्याने पहिलंच विचारलं.

"नही," मी म्हटलं.

"आरे देवा! मंग जठे शेत तठेच थांबा. गिअरबॉक्स जळी गया व्हई!"

मग त्याने समजावलं. या गाडीला मागची चाकं ओढतात. ती फिरली की शाफ्ट फिरतो आणि गिअरबॉक्सही आतून फिरतो. पण इंजिन बंद असलं की वरच्या दात्यांपर्यंत तेल पोचत नाही. एखाद्या उताराला चालून जातं. इतक्या लांब ओढलं तर सगळं कोरडं घासून जळतं.

नानांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला शिव्या देताना पाहिलं होतं, भांडताना पाहिलं होतं, पण असं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी मारं तिले," गाडीकडे बघत एवढंच ते म्हणाले. मग काकीकडे बघून म्हणाले, "आते तू रूपाकडे कशी जाशी?" मला मघापर्यंत त्यांचा राग आला होता. तो कुठल्या कुठे गेला.

काकीने शांतपणे घास गिळला. "गिअरबॉक्स जळना म्हंजे तापना व्हई ना?"

"तापना नही ते काय!" नाना म्हणाले.

"मंग मना पाय कसा नही पोळना? साक्रीपाईन त्याच उंचवट्यावर पाय ठेईसन बसेल शे मी. थंडा शे तो."

मी धावत जाऊन पुढच्या सीटसमोर पायाशी असलेल्या, गिअरबॉक्सवरच्या उंचवट्यावर हात ठेवला. खरंच थंड. मग गाडीखाली वाकून पाहिलं. शाफ्टचं मागचं टोक सोडलेलं होतं आणि काकीच्या हिरव्या लुगड्याच्या पट्टीने वर घट्ट बांधलेलं होतं.

नाना मारुतीला गेले तेवढ्यात काकीने वनाला गाडीखाली घातलं होतं.

"माले सांगं का नही?" नाना ओरडले, पण आवाजात दम नव्हता.

"सांगं असतं, ते तुम्हीन सोडू देतात का? मी मनी पोरना घर देखाले निंघनू."

नाना तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. माझा जीव भांड्यात पडला. ती उरलेली भाकरी जितकी गोड लागली, तितकी मला कुठली पंगत लागलेली नाही. पुढे नशिराबादपर्यंत मागून एकदाही हॉर्न वाजला नाही.

रूपा नव्या घराच्या दारात उभी होती. काकी उतरली, आणि आत जायच्या आधी तिने घराच्या भिंतीवरून हात फिरवला. फोटोत भिंत हाताला लागत नाही, म्हणाली.

तेवढ्यात, गाडी बघायला तिथेच आलेला लोटन गाडीखालून बाहेर आला. "नाना, शाफ्ट ते बेस बांधेल शे. पन बोल्ट कोठे शेत?"

जन्मभर आपल्या गाडीला कुणाला बोट लावू न दिलेल्या नानांनी दाराकडे मान वळवली.

"माले काय इचारस? मालकीनले इचार."

काकीने पिशवीतून सुपारीचा बटवा काढला, आणि अडकित्त्याशेजारचे चार बोल्ट लोटनच्या हातावर ठेवले.