रुसलेल्या बाईचं फूल

नाहूरच्या गणपती मंदिराबाहेर बसणारी फुलवाली गप्पा मारता मारता, खाली न बघता एकवीस दुर्वांची जुडी बांधते. तिचं नाव मला माहीत नाही. दर मंगळवारच्या माझ्या यादीत पहिलं काम असायचं तिच्याकडची जास्वंद. आई गेली, प्रार्थना पोकळ वाटायला लागली, आणि मी ते काम खोडलं.

दोन महिन्यांनी समोरच्या फुटपाथवरून जात होते, तर तिने हाक मारली. "काय गं ताई, देवावर रुसलीस?"

"विश्वासच उडालाय माझा."

"मग लपून कशाला जातेस? परक्यावर कोण रुसतं? तुझं फूल मी वाहते ना दर मंगळवारी. त्याला सांगितलंय, रागावलीय, येईल."

मी रस्ता ओलांडून गेले, तशी तिने जास्वंद माझ्या हातात ठेवली. मी आत गेले आणि देवाशी मनसोक्त भांडले.