गुडघ्याएवढं रॉकेट

वसंतरावांच्या घरी ते खोकं आलं त्या दिवशी थंडी कडक होती. नागपूरजवळ वाडीच्या गोदामांसमोर ड्रायव्हर लोक शेकोटीला चिकटून बसले होते, अन्‌ धुक्यात अमरावती रोडवरचे ट्रक नुसते भोंग्यावरून ओळखू येत होते. अशा हवेत आम्ही म्हातारे फिरायला जात नाही, कॉलनीतल्या कडुलिंबाखालच्या ओट्यावर बसतो. आणि बसलं की किस्से साठतात. कोणी मुद्दाम गोळा करत नाही. उभ्या गाडीच्या टपावर धूळ बसते, तसे बसत जातात. त्या एका खोक्यानं तर आम्हाला हिवाळाभर पुरतील इतके दिले.

खोकं वसंतरावांच्या मुलानं पुण्याहून पाठवलं होतं. आत रॉकेटचं किट! पुठ्ठ्याच्या नळ्या, पातळ लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं टोक, आणि खडूएवढी दोन इंजिनं. जोडलं की खऱ्या रॉकेटची हुबेहूब नक्कल, उंची फक्त गुडघ्याएवढी. सुर्रकन वर जातं अन्‌ पॅराशूट उघडून खाली येतं.

वसंतराव सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. उन्हाळा लागायच्या आत घर विकून कायमचे पुण्याला चालले होते. मला म्हणाले, "दादा, नोकरीत कालवा मोजला, तो झाला नाही. पूल मोजला, तो झाला नाही. नागपूर सोडाच्या आधी माझ्या हातचं हे एक तरी पुरं झालं पाहिजे!"

आतून सुमनवहिनी म्हणाल्या, "मंग नळापासून सुरू करा. दिवाळीपासून गळून राहिला!"

* * *

पंख चिकटवले की वाळेपर्यंत सरळ धरून ठेवावे लागतात. वसंतरावांना तेवढा धीर निघत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण जन्मभर ट्रक चालवला. घाटात जाम लागला की गप बसून राहायचं, एवढं मला येतं. धरून बसलो.

तेवढ्यात आमच्या कॉलनीचे अध्यक्ष गुलाबराव आले. "काय करून राहिले, दादा?"

"पंख वाळवून राहिलो."

त्यांनी खुर्ची ओढली, चहा घेतला, माझ्या हाताकडे बघत एक जांभई दिली आणि गेले.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज: "अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली रॉकेटचे काम प्रगतिपथावर!"

* * *

मग रंगाचा प्रश्न निघाला. खऱ्या रॉकेटसारखा पांढऱ्यावर काळे पट्टे, असा रंग किटसोबतच्या पुस्तकात दिला होता. गुलाबराव म्हणाले, "पट्टे राहू द्या. तिथं कॉलनीचं नाव टाका, खाली कार्यकारिणी."

वसंतराव म्हणाले, "अहो, ही नक्कल आहे. असलीवर जे आहे तेच पाहिजे."

"असलीवर कोणाचंच नाव नाही काय?"

"देशाचं आहे."

"मंग आपली कॉलनी काय देशाच्या बाहेर आहे गा?"

शेवटी अध्यक्षांचं नाव एका पंखाच्या आतल्या बाजूला गेलं. ते वाचायला रॉकेट उलटं धरावं लागे, आणि गुलाबराव प्रत्येक पाहुण्याला उलटंच धरून दाखवत!

* * *

पॅराशूट उघडतं की नाही, ते वसंतराव गच्चीवरून दगड बांधून तपासत. एकदा वारा फिरला आणि ते थेट शेजारच्या कमलबाईंच्या अंगणात, भिवापुरी मिरच्यांच्या वाळवणात उतरलं. वसंतराव कुंपणावरून वाकून हळूच ओढायला लागले, तर मिरच्याच उधळल्या. इकडे ते शिंकतात, तिकडे कमलबाई शिंकतात.

शिंका थांबल्यावर कमलबाई म्हणाल्या, "भाऊजी, मिरच्या पाहिजे होत्या तर दारातून मागाच्या ना! आभाळातून काहून मागता?"

* * *

पहिलं उड्डाण गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात ठरलं. लोखंडी सळीच्या स्टँडवर रॉकेट उभं, लांब वायर, बॅटरी, बटन. सगळं तयार! गुलाबराव म्हणाले, "नारळ फोडल्याबिगर कसं?" आणि कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्टँडलाच नारळ हाणला. पाणी सगळं रॉकेटवर. रॉकेट आडवं झालं, ते त्यांनी भक्तिभावानं उचलून पुन्हा उभं केलं.

वसंतरावांनी बटन दाबलं. फुस्स! थोडा धूर, थोडा खोबऱ्याचा वास. एक इंजिन गेलं ते गेलंच.

गुलाबराव फुटलेलं खोबरं हुंगून म्हणाले, "मी म्हटलंच होतं, नारळ खराब निघाला!"

* * *

आता एकच इंजिन उरलं होतं. या वेळी सगळं रीतसर करू म्हणून वसंतराव मला घेऊन परवानगी काढायला एका कचेरीत गेले. साहेबांनी विचारलं, "हे जाणार कुठं?"

"वर."

"वर कोणाच्या हद्दीत?"

"हद्द नाही साहेब. जाते अन्‌ लगेच वापस येते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे जाणंही आहे अन्‌ येणंही आहे! मग नुसत्या जाण्याची परवानगी देऊन कसं चालेल?"

बाहेर आल्यावर वसंतराव खूप दिवसांनी मोकळे हसले. म्हणाले, "दादा, त्या खुर्चीत मी असतो तर हेच विचारलं असतं!"

अखेर परवानगी गुलाबरावांनी आणली, पण एका अटीवर. बटन त्यांनी ठरवलेले प्रमुख पाहुणे दाबणार.

* * *

शेवटच्या दिवशी मैदानात मंडप लागला. पाहुणे सकाळी लवकर येणार होते. वसंतरावांची पुण्याची गाडी संध्याकाळची. सामान आधीच गेलेलं. आम्ही तिघं, वसंतराव, सुमनवहिनी आणि मी, उजाडताच रॉकेट उभं करून बसलो. पाहुण्यांचा पत्ता नाही. गुलाबराव त्यांना आणायला गेले, तर त्यांचाही पत्ता नाही. ऊन चढलं, मंडपाच्या झालरी फडफडायला लागल्या. वसंतराव म्हणाले, "वारा वाढला की मंग आज होत नाही."

सुमनवहिनी उठल्या. "जन्मभर सायबाची वाट पाहिली. आता कोणाची पाहून राहिले? दाबा!"

वसंतरावांनी दाबलं. काय गेलं ते, बाप रे! मान मागे टाकेपर्यंत ठिपका झालं. मग फट्‌ करून लाल पॅराशूट उघडलं, आणि डुलत डुलत मैदानाच्या टोकाला उतरलं. मी चालत जाऊन घेऊन आलो. वसंतरावांनी ते टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवलं, चष्मा काढला आणि किती तरी वेळ पुसत बसले.

तेवढ्यात गाड्या आल्या. सोबत बँडवाले, मागे सगळी कॉलनी. मंडपवाल्याला स्टँडला हार घालायचं सांगितलेलं. त्यानं रिकामी सळी झेंडूच्या हारांत पार झाकून टाकली आणि गेला. वसंतराव सांगायला पुढं झाले, तर गुलाबराव म्हणाले, "अजी, तुमचं काम झालं आता. मागं बसा."

"हो, झालं," वसंतराव म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीवर बसले.

भाषणं झाली. उलटी मोजणी झाली. पाहुण्यांनी बटन दाबलं, बँड वाजला, आणि पाहुण्यांनी आभाळाकडे बघितलं. मग गुलाबरावांनी बघितलं. मग सगळ्या कॉलनीनं बघितलं, आणि टाळ्या!

माझ्या शेजारच्या घरातला मनोहर बाजूच्याच खुर्चीवर होता. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काळा चष्मा कपाळावर चढवून, मान वर करून तो बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला,

"दादा, डॉक्टरनं डोळा काय मस्त बनवला गा! पार दिसेनासं होईपर्यंत दिसलं मले!"