शेवाळवाल्या जाऊबाई

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी मला जेवढे धक्के दिले तेवढे आयुष्यात कुणीच दिले नाहीत, आणि तेही आवाज न चढवता. पहिला धक्का लग्नाआधीचाच. वटार गावाहून मंडळी मला बघायला आमच्या नंदाखाल गावातल्या घरी आली होती. मी पोहे घेऊन बाहेर येते तो थोरली सून जागेवर नाही. त्या मागच्या दारी, केळींना पाणी द्यायच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभ्या. पदर खोचलेला, हातात बाटली, बाटलीत हिरवं पाणी. "किती छान आहे हो तुमच्याकडे," त्या आईला म्हणाल्या. आईला वाटलं, माझ्याबद्दलच बोलताहेत.

डोळ्यांना सुटं दिसणारही नाही असलं बारीक शेवाळ हा जाऊबाईंचा, म्हणजे आमच्या ताईंचा, विषय. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्या त्याचे गुण मोजतात. कोण भराभर वाढतं, कुणाला खारं पाणी सोसतं, कुणाच्या अंगात तेल जास्त. पूर्वी म्हणे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेक पेशी मोजत बसावं लागे. आता खळग्या-खळग्यांच्या ताटलीत नाना जातींची शेवाळं भरायची आणि यंत्राने निळा उजेड टाकायचा. शेवाळ तांबूस चमकून उत्तर देतं, आणि त्या चमकेवरून त्याची तब्येत निमिषात कळते. तसलंच एक छोटं यंत्र ताईंच्या पर्समध्ये कायम असे. एका लग्नात पंगत वाढून झाली तरी ताई पानातला भात बाजूला सारून केळीच्या पानाची तब्येत बघत होत्या. शेजारच्या बाईंचा घास हातातच राहिला. माझ्या नवऱ्याने एकदा फ्रिजमधलं पन्हं समजून भलतंच काही तोंडाला लावलं, तेव्हा त्याला काही झालं का हे विचारायच्या आधी ताईंनी विचारलं, "किती उरलंय?"

पण खरी हादरले ती गेल्या वर्षी. आमच्या वाडीत मागे पाण्याचं तळं होतं, आमच्याकडे त्याला बावखल म्हणतात. सासऱ्यांच्या आजोबांपासून वाडी त्याच पाण्यावर. पलीकडे कारखान्यांचे गाळे उभे राहिले, त्यांचं कसलंसं पाणी आत झिरपू लागलं आणि मासे उलटे तरंगले. तक्रारी करून झाल्या, उपसून झालं, वास काही हटेना. थोरले दीर म्हणाले, बुजवून टाकू. सासऱ्यांचा जीव होईना. शेवटी त्यांनीच तोड काढली. थोरली सांगेल ते खरं, पाण्यात जीव असला तर एक पाटी माती पडू देणार नाही.

आम्ही निर्धास्त झालो. माझ्या नवऱ्याआधी शेवाळाची चौकशी करणारी बाई बावखलाच्या विरुद्ध बोलेल कशाला? ताई पाण्यात उतरल्या. चारही कोपऱ्यांतून पाणी घेतलं, यंत्रात घातलं, परत घेतलं, परत घातलं. सासरे काठावर उकिडवे बसले होते.

"पानी जिवंत हाय ना?"

ताई बराच वेळ यंत्राकडे बघत राहिल्या. खोटं सांगितलं असतं तर आमच्यापैकी कुणाला कळणार होतं? मी त्यांच्या जागी असते तर बेधडक हो म्हटलं असतं.

"नाही, बाबा."

सासरे उठून घरात गेले. ताई ओल्या साडीनेच काठावर बसून राहिल्या, आणि मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आठवड्यातच माती पडली. सासरे त्यांच्याशी बोलेनात. वाढलेलं मुकाट जेवत, पण मान वर करत नसत.

पावसाळा उलटल्यावर एका संध्याकाळी ताई कामावरून आल्या आणि पायरीवर चपला काढत होत्या. सासरे आतून आले, खांबाला धरून उभे राहिले आणि दुसरीकडेच बघत त्यांनी विचारलं, "आपल्या बावखलातलं कोनी हाय का गं तुझ्या तिकडं?"

"आहे, बाबा. पाणी चांगलं होतं तेव्हाच शेवाळ नेलं होतं."

"बरं हाय?"

मला वाटलं, आता तरी म्हणतील हो. ताईंनी पर्स मांडीवर घेतली.

"उद्या बघून सांगते."

दुसऱ्या दिवशी ताईंच्या यायच्या वेळेला सासरे चहा तसाच ठेवून पायरीवर जाऊन बसले होते.