सेतुरावांनी पाय सोडले तेव्हा

सेतुराव गेल्याचा निरोप त्यांच्या पत्नीनं, अंबुजाबाईंनी, फोनवर दिला, तेव्हा मला आधी राग आला. दोन वर्षं मी त्यांच्या माफीची वाट पाहत होतो आणि हा माणूस ती न मागताच गेला… पंधरा दिवस मी भेटायलाही गेलो नाही.

आटपाडीकडून येऊन मी जॉर्ज टाउनात चांदी गाळण्याची भट्टी टाकली, तीही कुणाच्या ओळखीशिवाय. भट्टीपुढे बसून पाठ आखडली, म्हणून सकाळी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरू लागलो. सिरुसेरीच्या आयटी कंपन्यांच्या बसेस तेव्हा नुकत्याच त्या रस्त्यानं धावू लागल्या होत्या. तिथे अर्ध्या चड्डीतले एक साठीचे गृहस्थ वाळूत हातांवर चालत होते. तंजावरी मराठी घरातले, रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून. मला हे शिकायला किती दिवस लागतील, असं मी त्यांना विचारलं.

"चाळीस दिवस भिंत. मग वाळू."

मी दहा म्हणालो. ते हसले. "मी वांगीं विकाया बसलों नाही, सार." तरी घासाघीस करून मी त्यांना पंधरावर आणलंच.

पंधरा दिवस आमच्या भट्टीमागच्या भिंतीला पाय टेकवून उलटा उभा राहिलो आणि मग वाळूत उतरलो. सेतुराव माझे घोटे धरून मागे चालत. माझी अट एकच होती, सोडण्याआधी सांगायचं. "सांगतों," ते म्हणायचे. त्या सकाळी मी सात पावलं हातांवर टाकली. डोक्यात रक्त उतरलेलं, कानात लाटा, आणि मी वेड्यासारखा हसत होतो. तेवढ्यात पाय सुटले. माझं मनगट मोडलं. फिरायला आलेल्या सगळ्यांसमोर मी त्यांना लबाड म्हणालो. ते आपल्या डाव्या हाताकडे बघत म्हणाले, "शिकवायाची रीत तशीच असते." त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. ते लांबून दिसले तरी रस्ता बदलायचो…

शेवटी त्यांच्या घरी गेलो. अंबुजाबाईंनी कॉफी दिली. दुखवट्याच्या घरातही माझ्यानं राहवलं नाही. "वहिनी, त्यांनी मला न सांगता सोडलं."

"सोडलें नाही हो. डावा हात त्या दिवशींच पहिल्यांदा गेला. घरीं आले, तर शर्टाचीं बटणं मज काढावीं लागलीं." नसांचा आजार होता. हातातून सुरू झाला आणि पुढे सगळ्या अंगात पसरला.

"मग मला खोटं का सांगितलं?"

"हात गेला म्हणून सांगायाची लाज. लबाड म्हणवून घेणें सोपें वाटलें असेल."

त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. लाल जमिनीवर, भिंतीलगत, तळव्यांएवढ्या दोन जागा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. लग्नाच्या आधीपासून ते रोज तिथे हात टेकत होते. मी खाली बसून त्यांवर माझे हात ठेवले. पाय वर टाकायची हिंमत झाली नाही. उठवतही नव्हतं. अंबुजाबाई दारात उभ्या होत्या.

"बसा हवें तितकें," त्या म्हणाल्या, आणि मला एकट्याला सोडून स्वयंपाकघरात गेल्या.